भाडे कोण भरणार?

दिवाळीच्या दिवसांत पैशाची रड काढू नये, असे आमच्या घरी म्हणत. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती आपण होऊन येऊन बसते. तिला नमस्कार करावा, हिशेब मागू नये. पण वाचकहो, या दिवाळीला मी आपल्यापुढे एक हिशेबच घेऊन आलो आहे. तो माझ्या घरचा नाही. हिंगोलीतल्या एका खोलीचा आहे.

हिंगोलीला माझी थोरली बहीण असते. गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही सारे तिच्याकडे गेलो होतो. हिंगोलीचा दसरा म्हणजे मोठे प्रकरण. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, पाळणे फिरतात, रावण जळतो. मुलांनी तिकडे धाव घेतली. मीही निघालो होतो. पण भाचीने माझा हात धरला आणि म्हणाली, "मामा, आधी आमचा क्लास बघायला चला. रावण काय, पुढच्या वर्षीपण असतो. क्लासचं सांगता येत नाही."

हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी मला जरा चमत्कारिक वाटले. मी निमूटपणे तिच्या मागून गेलो.

एक अरुंद गल्ली. खाली हळदीच्या व्यापाऱ्याचे गोदाम, वर पत्र्याची एक लांबट खोली. जिना चढतानाच नाकात हळदीचा वास भरला. वर पाहतो तो भिंतीला टेकवून ठेवलेले ड्रॉइंग बोर्ड, दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली ओली चित्रे, कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली झाकलेला शाडूचा गोळा. शाळेतून निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक ही खोली चालवतात. गावात सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणतात. सकाळी शाळेची मुले येतात, दुपारी कामे उरकून बायका येतात आणि रात्री आठनंतर दिवसभर राबलेली माणसे येतात. त्या रात्री एक तरुण शिंपी औंढा नागनाथाच्या देवळावरची एक मूर्ती कागदावर उतरवीत बसला होता. स्वतः जाऊन काढलेला फोटो त्याने मोबाइलवर समोर ठेवला होता. नामदेवांची नरसी तिथून हाकेच्या अंतरावर. त्या मुलखात शिंप्याने सुईखेरीज आणखी काही हाती धरले तर कोणी नवल करू नये. तरी मी नवल केले. तो हसून म्हणाला, "दिवसभर लोकांच्या मापानं कापायलोत. हितं आपल्या मापानं."

सरांना मी फीबद्दल विचारले. मुलांकडून थोडी घेतात. रात्रीच्या मंडळींनी जमेल तशी द्यायची. खोलीचे भाडे महिना ५००० रुपये झालेले. जे कमी पडते ते सर पेन्शनीतून घालतात. घरमालकाला मी दोष देणार नाही. हळद ठेवायला जागा मागणारे त्याच्या दारात उभे असतात आणि चित्रांपेक्षा हळद वेळेवर पैसे देते. सर एवढेच म्हणाले, "दिवाळीपर्यंत हाये. पुढं बघू."

दुसऱ्या दिवशी ताईच्या घरी बैठक भरली. पालक आले, दोन-तीन वकील-डॉक्टर आले, दाजी वही घेऊन बसले. पाहुणा म्हणून मला आधी बोलायला सांगितले आणि मी बोललो. एक भव्य कार्यक्रम करावा, मुंबईहून एखादा नट आणावा, स्मरणिका काढावी, जाहिराती मिळवाव्यात, लकी ड्रॉ ठेवावा. सर्वांनी माना डोलावल्या. दाजी मात्र वहीत आकडे मांडत होते. मंडप, ध्वनिक्षेपक, नटाचे मानधन, त्याची गाडी, त्याच्याबरोबरच्या चौघांची राहण्याची सोय, हारतुरे, स्मरणिकेची छपाई. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "हे सगळं भागून उरलं तर दोन महिन्यांचं भाडं निघतंय. तिसऱ्या महिन्यात कोणाला बोलवायचं?"

मी गप्प बसलो. आपल्या मध्यमवर्गीय डोक्यात देणगी म्हटली की एखादा मोठा हातच दिसतो. त्यात आपली चूक म्हणावी, तर तसे हात खरोखर होऊन गेले आहेत. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाचे कलाविद्यालय उभे राहिले. ते आजही उभे आहे. पण प्रत्येक गावाला जीजीभॉय मिळत नाही आणि प्रत्येक पत्र्याच्या खोलीचे विद्यालय होत नाही.

मुंबईचीच दुसरी गोष्ट मला त्या बैठकीत आठवत राहिली. नामांकित वकील भुलाभाई देसाई १९४६ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ वॉर्डन रोडवर एक संस्था निघाली. तिथे चित्रकारांना काम करायला जागा मिळे आणि भाडे किती, तर दिवसाला एक रुपया. हुसेन तिथे होते, गायतोंडे तिथे होते. रविशंकरांची संगीतशाळाही तिथेच. शेजारच्या खोलीत सतार चालू आहे आणि या खोलीत रंग वाळतो आहे, असे ते घर. आज ज्यांच्या एकेका चित्राला कोटी-कोटी रुपये पडतात ते एके काळी रोजचा रुपया मोजून तिथे बसत. पण ते घर राहिले नाही. संस्था बंद झाली आणि त्या जागी उंच इमारत उभी राहिली. रुपयाने कलावंताचा मान राखला, पण छप्पर राखणे रुपयाच्या हाती नव्हते. छप्पर दुसऱ्याचे असले म्हणजे त्याचा भरवसा दुसऱ्याच्याच मर्जीवर.

ज्यांचे छप्पर स्वतःचे त्यांची गोष्ट निराळी. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला आहे. परशुराम गंगावणे यांनी ती जपायला आपल्या गाईंच्या गोठ्याचेच संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी बैठकीत हे सांगताच ताई म्हणाली, "त्यांच्याकडं गोठा तरी होता बाबा. सरांकडं दोन खोल्यांचा फ्लॅट हाये, त्यात नातवंडं."

मग दाजींनीच जुनी आठवण काढली. अंताजी दामोदर काळे नावाचे एक शिक्षक होऊन गेले. देशी उद्योगासाठी माणशी एक पैसा, अशी मागणी घेऊन ते गावोगाव हिंडले. लोकांनी आधी चेष्टा केली असेल. पैशाने काय होते? पण त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचेही तसेच. १९१९ साली सुरू झालेल्या त्या संस्थेला बायकांच्या मूठमूठ धान्याचा आधार होता. मुष्टिफंड म्हणत त्याला. रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते मुलांच्या वसतिगृहाला जायचे. आणि जेव्हा मूठही पुरेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले.

"पण," एक डॉक्टर म्हणाले, "एक-एक रुपया गोळा करायला काळे मास्तरांसारखा हिंडणारा माणूस पाहिजे. आपल्यात कोण हिंडणार?"

मुद्दा खरा होता. मोठी देणगी एका चेकने येते. लहान पैशाला पाय फार लागतात. आपल्यापैकी प्रत्येकजण शंभर रुपये द्यायला तयार असतो, आणायला कोणी येत नाही म्हणून ते खिशातच राहतात.

इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली ताई तेव्हा म्हणाली, "आमची भिशी सोळा वर्षं चालू हाये. एकीचाही हप्ता बुडाला न्हाई. कोणाकडं कधी जायचं, कोण पाच तारखेला देती, कोण दहाला, कोणाच्या नवऱ्याचा पगार लांबतो, सगळं तोंडपाठ. त्यातच हे भाडं घाला की."

खोलीत शांतता पसरली. सोळा वर्षे याच घरात दर महिन्याला बायका जमत होत्या, चिठ्ठ्या काढत होत्या, पोहे खात होत्या, आणि दाजींनी त्या प्रकाराला आजवर 'गप्पांचा अड्डा' एवढेच नाव दिले होते.

पन्नास घरे, दरमहा १०० रुपये. इतका साधा तो हिशेब. भिशीच्या चौघीजणींनी गल्ल्या वाटून घेतल्या. मात्र वकीलसाहेबांनी वेळीच हटकले आणि ते बरे झाले. अशी वर्गणी जाहीरपणे गोळा करायची तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचे वा परवानगीचे विचारून घ्यावे. पैसे कोणाच्या खाजगी खात्यात ठेवू नयेत. प्रत्येक रुपयाची पावती असावी. प्राप्तिकरातली सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता लागते आणि तेव्हाही २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. हे सोपस्कार कंटाळवाणे आहेत खरे, पण चांगल्या कामात पहिला संशय पैशावरूनच येतो आणि एकदा आला की पाहुण्यासारखा जात नाही. त्यांनी तीन महिने खपून रीतसर संस्था नोंदवली. तोवर भाडे चार पालकांनी आपसांत वाटून भरले.

मध्यंतरी एक मोह झाला, तोही सांगतो. गावातल्या एका सधन गृहस्थांनी वर्षाचे सगळे भाडे एकरकमी देऊ केले. अट दोन गोष्टींची: दारावर वडिलांच्या नावाची पाटी, आणि खोलीत फक्त एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे वर्ग. त्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणजे पालकांची रांग लागेल. गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. सरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतः त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "पाटी लावतो. दोन लावतो. पण रात्री आठची मंडळी तिथंच बसतील. त्यांना कुठल्या परीक्षेचे गुण पाहिजे न्हाईत, म्हणून तर त्यांना खोली पाहिजे." गृहस्थांनी देणगी दिली नाही. मात्र दरमहा १०० रुपये देणाऱ्यांत त्यांचे घर आले आणि आजवर चुकले नाही.

आता गोड शेवट सांगायला हवा, पण तसा तो नाही. पन्नास नावे वहीत चढली. पहिल्या महिन्यात एकोणचाळीस घरांनी पैसे दिले, उन्हाळ्यात तो आकडा एकतीसवर आला. बैठकीत ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतले काही गळाले आणि बैठकीला न आलेले काही आत आले. तो शिंपी आपले १०० रुपये दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः जिना चढून देतो. घट पडली ती बायकांनी पणत्या रंगवून आणि आकाशकंदील करून भरून काढली. या दसऱ्याला त्यांनी ते प्रदर्शनाच्या वाटेवर टेबल मांडून विकले. पुढच्या मार्चपर्यंत भाडे आहे. त्यानंतर मालक पुन्हा वाढ मागणार, हे सर्वांना ठाऊक आहे.

आणि आता माझा हिशेब. भव्य कार्यक्रमाची सूचना करणारे ते पाहुणे, म्हणजे मी, त्यांनीही वहीत नाव घातले होते. आषाढात भाचीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मामा, रागवू नका. पण आई वहीत थकलेली नावं लाल शाईनं लिहिती. तुमचं दोन महिने लाल आलंय."

पैसे मी त्याच मिनिटाला मोबाइलवरून पाठवले. पाठवायला मिनिटच लागले आणि दोन महिने लागले नव्हते ते याचमुळे, की माझ्या दारात कोणी आले नव्हते. ताईच्या पायांना मुंबईपर्यंत पोचता येत नाही. तेव्हापासून पाच तारखेला फोनमध्ये गजर लावून ठेवला आहे. बायको विचारते, "हा कसला गजर?" मी म्हणतो, "भिशीचा."

वाचकहो, आपल्याही गावात अशी एखादी खोली असेल. चित्रांची असेल, तबल्याची असेल, नाटकाच्या तालमीची असेल. तिथे आपला मुलगा किंवा सून जात असेल आणि आपण फी भरून मोकळे होत असाल. फराळाचे डबे वाटायला निघाल तेव्हा एक डबा घेऊन तो जिना चढा. चित्रे बघा, कौतुक करा आणि निघताना हळूच विचारा, "भाडे कोण भरते?" उत्तर ऐकून झाल्यावर आपले नाव वहीत घाला. फक्त लाल शाईत जाऊ देऊ नका. अनुभवाने सांगतो, भाचीसमोर मान वर करता येत नाही.