आश्रय आणि आपलेपणा

खेळांतील विजयाच्या कथा आपण मोठ्या आवडीनें वाचतों. परंतु विजयानंतर त्या संघाचें पुढें काय झालें, हें विचारण्याचें बहुधा राहून जातें. म्हणून ह्या महिन्यांत मुंबईच्या एका फुटबॉल-संघाच्या २००५-०६ च्या हंगामाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. फुटबॉल हा सातारा-सांगलीकडील घरांतून फारसा बोलला जाणारा विषय नव्हे, हें खरें. पण ह्या हकीकतींतील बोध आपल्या अगदीं घरचा आहे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग ही स्पर्धा १९९६-९७ सालीं सुरू झाली. ती साखळी पद्धतीची असे. बाद पद्धतींत एखाद्या दिवसाच्या दैवानेंहि करंडक हातीं येतो; साखळींत तसें नाहीं. तेथें प्रत्येक संघाशीं दोनदां गांठ, एकदां आपल्या मैदानावर व एकदां त्याच्या. आणि अखेरीस ज्याचे गुण अधिक तो विजेता. महिनोन् महिने टिकणारा दमच तेथें उपयोगी पडतो. पहिल्या नऊ हंगामांपैकीं सहा विजेतेपदें कोलकात्याच्या मोहन बागान व ईस्ट बेंगॉल ह्या दोन संघांनीं आपसांत वांटून घेतलीं. दोन गोव्यास गेलीं आणि एक पंजाबांतील फगवाड्यास. महाराष्ट्राच्या वांट्याला एकहि आलें नव्हतें.

दहाव्या हंगामांत तो मान महिंद्रा युनायटेड ह्या मुंबईच्या संघानें मिळविला. मोटारी व ट्रॅक्टर बनविणाऱ्या प्रसिद्ध कंपनीचा हा संघ १९६२ सालीं स्थापन झालेला. शिक्षक डेरिक परेरा हे गोमंतकीय, गोल करणारा युसिफ याकुबू आफ्रिकेंतील घाना देशाचा, तर स्टीव्हन डायस हा खुद्द मुंबईचा. अशा नाना ठिकाणच्या माणसांस परेरा ह्यांनीं एका शिस्तींत गोंविलें. २००५ सालचा फेडरेशन चषकहि ह्याच संघानें जिंकला होता. पुढें २००७ सालीं आशियाई संघांच्या एएफसी चषक स्पर्धेंत त्यानें उपान्त्यपूर्व फेरी गांठली. वैभवाचा ह्याहून उजळ काळ कोणता असावा?

आणि २०१० सालीं हा संघ बंद झाला! तो मैदानावर दुबळा ठरला म्हणून नव्हे. चालकांनीं व्यावसायिक संघ मोडून शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचें ठरविलें, आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची परंपरा एका निर्णयासरशी संपली. पुढच्याच वर्षीं फगवाड्याच्या जेसीटी संघाची तीच गत झाली. २०१२-१३ मध्यें आय-लीगमध्यें दुसरा आलेला पुण्याचा पुणे एफ. सी. हा संघहि २०१४-१५ नंतर त्या स्पर्धेंत उतरला नाहीं.

ह्यांत त्या कंपनीस दोष देणें अन्यायाचें होईल. तिनें कित्येक वर्षें खेळाडूंस पगार दिला, चांगले शिक्षक आणले, मुंबईस करंडक मिळवून दिला. पैसा तिचा, तेव्हां तो कोठें खर्चावा हें ठरविण्याचा अधिकारहि तिचाच. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. संघ मोडला, तेव्हां ‘हा आमचा आहे, आम्ही तो मोडूं देणार नाहीं,’ असें म्हणणारीं माणसें पुरेशीं निघालीं नाहींत. आश्रय होता, आपलेपणा रुजला नव्हता.

कोलकात्यास ह्याच्या उलट घडलें. मोहन बागान हा १८८९ सालचा, सभासदांच्या बळावर वाढलेला क्लब. २०२० सालीं पैशाच्या गरजेपोटीं त्याच्या फुटबॉल-संघानें एका उद्योगसमूहाचा हात धरला आणि त्याच्या नांवाआधीं ‘एटीके’ हीं परकीं अक्षरें आलीं. चाहत्यांस तें रुचेना. त्यांनीं निषेध चालूच ठेवला आणि २०२३ सालीं तीं अक्षरें धनिकास काढावीं लागलीं. पैसा धनिकाचा राहिला. नांव मात्र लोकांचें राहिलें.

सांगलीकरांस हें नवें वाटूं नये. १८४३ सालीं विष्णुदास भावे ह्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तें श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या आश्रयानें. १८५१ सालीं श्रीमंत निवर्तले आणि दरबारचा हात आखडला. भाव्यांनीं तेथेंच हाय खाल्ली असती, तर आजच्या नाट्यपंढरीस तें नांव मिळतें ना. त्यांनीं मंडळी घेऊन गांवोगांव दौरे काढले आणि १८५३ सालीं मुंबईंत तिकिटें लावून प्रयोग केले. राजाश्रय सुटला, लोकाश्रय जोडला.

सातारकरांस तर खेळांतलाच दाखला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस गेले, ते लोकांनीं जमविलेल्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं तर त्यासाठीं आपलें घर गहाण टाकलें. स्वतंत्र भारताचें ऑलिंपिकमधील पहिलें वैयक्तिक पदक अशा रीतीनें आलें. शेजारच्या कोल्हापुरांत आजहि फुटबॉलचे संघ तालमींच्या व पेठांच्या नांवानें उभे आहेत, आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जातें.

नुसत्या वर्गणीवर आजचा व्यावसायिक संघ चालणार नाहीं, हें आम्ही जाणतों. खेळाडूलाहि संसार आहे. त्याला वेळेवर पगार हवा, आणि तो देण्यास धनिकाची थैली लागतेच. पण त्या थैलीच्या जोडीला सभासदांची वही असावी. धनिकानें उद्यां पाठ फिरविली, तर दार उघडें ठेवण्यास चार माणसें तरी घरचीं हवींत.

तेव्हां आपल्या गांवांतील क्रीडामंडळाचा मनुष्य पावतीपुस्तक घेऊन दारीं आला, तर त्यास ‘मोठी कंपनी आहे कीं द्यायला’ असें सांगून परत लावूं नये. रक्कम लहान असली तरी चालेल. वहींत आपल्या घराचें नांव असूं द्यावें. करंडक आणणें फार तर थोड्यांच्या हातीं असतें. संघ जगविणें हें मात्र आपणां सर्वांच्या हातीं आहे.