केळ्यात बी का नसते?

रमजानमध्ये इफ्तारच्या ताटात खजूर आणि केळी शेजारी-शेजारी असतात. खजुरात टणक बी असते. केळ्याच्या मधोमध मात्र बारीक काळे ठिपके तेवढे दिसतात. हे ठिपके म्हणजे धरल्याच नाहीत अशा बिया. मुलांनी हा फरक विचारला, तर त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

खजुराची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचे पराग मादीच्या फुलावर पडले की बी धरते. ती बी पेरली तर झाड आईसारखेच येईल याची खात्री नसते. ते नर निघेल की मादी, हेही आधी सांगता येत नाही. केळीचे तसे नाही. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात, ते काढून लावले की नवी बाग तयार होते. टिशू कल्चरची रोपेही अशीच एका झाडापासून वाढवलेली असतात. म्हणजे प्रत्येक झाड जवळजवळ हुबेहूब नक्कल असते. जळगावकडच्या बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन या जाती एकाच कॅव्हेंडिश गटातल्या आहेत.

वरवर पाहता नक्कल करणेच फायद्याचे वाटते. जोडीदार शोधायला नको, वेळ जायला नको. पिकावर पडणारा मावा पाहा. अनुकूल हवामानात त्याच्या माद्या नराशिवायच पिल्ले देतात, आणि तीही सगळ्या माद्याच. जॉन मेनार्ड स्मिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा हिशेब मांडला होता. नर स्वतः पिल्ले देत नाहीत. त्यामुळे बाकी सगळे सारखे असेल, तर केवळ मुलींना जन्म देणाऱ्या माद्यांचा वंश दर पिढीला दुपटीने पुढे जाईल. मग बहुतेक प्राणी आणि वनस्पती आई-बाप दोघांचा महागडा मार्ग का धरून आहेत?

याचे एक उत्तर केळीच्याच इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात अमेरिका आणि युरोपच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ नावाचे केळे चाले. मध्य अमेरिकेत त्याच्या अफाट बागा होत्या आणि सगळी झाडे एकमेकांची नक्कल होती. तेथे मातीतल्या फ्युझेरियम बुरशीचा ‘पनामा रोग’ पसरला. एका झाडाला जे भोवले, तेच सगळ्यांना भोवले. 1960च्या दशकापर्यंत निर्यातीच्या व्यापारातून ते केळे जवळजवळ हद्दपार झाले. त्याच्या जागी कॅव्हेंडिश आले, कारण त्याला तो रोग होत नव्हता. पण बुरशीही बदलत असते. तिचा ‘टीआर 4’ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. 2019 मध्ये तो कोलंबियात सापडला. आपल्याकडे बिहार आणि उत्तर प्रदेशातही त्याची नोंद झाली आहे. ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षे टिकते आणि तिच्यावर खात्रीचे औषध नाही.

न्यूझीलंडच्या तळ्यांत एक इवलीशी गोगलगाय आहे. तिच्यातल्या काही माद्या नराशिवाय नक्कल-पिल्ले देतात, तर काही नराशी संयोग करून. कर्टिस लाइव्हली या शास्त्रज्ञाला 1980च्या दशकात दिसले, की गोगलगायीला वांझ करणारे परजीवी कृमी जिथे जास्त, तिथे नरही जास्त. पुढे असेही आढळले, की तळ्यात जी नक्कल सर्वांत जास्त पसरलेली असते, तिलाच स्थानिक कृमी सहज गाठतात. सगळ्या घरांना एकच कुलूप असेल, तर चोराला एक किल्ली पुरते. आई-बापांच्या गुणांची नवी सरमिसळ म्हणजे दर पिढीला बदललेले कुलूप. उत्क्रांतीच्या दृष्टीने दोघांपासून संतती होण्याचा हा मोठा फायदा मानला जातो. दुसरा फायदा असा, की वेगवेगळ्या वंशांतले चांगले बदल एकत्र येऊ शकतात आणि सदोष बदल गाळले जाऊ शकतात. नक्कल करणाऱ्या वंशात एकदा शिरलेला दोष पुढे चालतच राहतो.

आपल्या घरातही हेच घडते. आईच्या आणि वडिलांच्या 23-23 गुणसूत्रांच्या वाटणीतूनच एका जोडप्याच्या अपत्यांचे सुमारे 70 लाख कोटी वेगवेगळे मेळ बसू शकतात. म्हणून सख्खी भावंडेही सारखी नसतात. अस्थिमज्जा बदलण्याची वेळ आली, तर सख्ख्या भावाची किंवा बहिणीची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्णाच्या घरच्यांना हा फरक जड जातो. पण याच फरकामुळे एखादी साथ आली, तरी सगळ्यांवर तिचा सारखाच घाव बसत नाही.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात रानकेळ वाढते. काही भागांत तिला चवेणी म्हणतात. ती केळीच्याच कुळातली. तिला मुनवे फुटत नाहीत, ती बियांवरच वाढते आणि तिची फळे टणक बियांनी भरलेली असतात. खायला ती निरुपयोगी, पण प्रत्येक बी वेगळी. केळीच्या नव्या जाती घडवणारे शास्त्रज्ञही अशाच बी धरणाऱ्या रानटी केळींकडे वळतात. त्यांच्याशी संकर करून रोगाला तोंड देणारे गुण मिळवायचे, असा त्यांचा प्रयत्न असतो. हे काम वर्षानुवर्षांचे आहे. तोपर्यंत ज्यांच्या घरी केळीची बाग आहे, त्यांनी रोपे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत. दुसऱ्याच्या शेतातली माती अवजारांना किंवा चपलांना लागून आपल्या बागेत येऊ देऊ नये. टिशू कल्चरचे रोप रोगमुक्त मिळते, पण तेही नक्कलच असते. लावल्यानंतर त्याला रोग होणार नाही, अशी हमी त्यात नसते.