सीमाभागाचा अनुशेष कोणी मोजावा?

राज्याच्या आर्थिक वाढीचे आकडे प्रसिद्ध झाले की बंगळूर आणि मुंबई या दोन्ही राजधान्यांत सारखाच आनंद होतो, आणि दोन्हीकडचे मुत्सद्दी आम्हांस हटकून विचारतात, “प्रगती चालू असताना तुम्ही अजून भाषेचाच झेंडा धरून का बसला आहात?” प्रश्न अर्थकारणाच्या नावाने येतो, तेव्हा उत्तरही त्याच परिभाषेत दिलेले बरे.

सरासरी ही मोठी मायावी वस्तू आहे. प्रा. वि. म. दांडेकर समितीने 1984 साली महाराष्ट्रापुढे अहवाल ठेवला तो या मायेचा पडदा दूर करण्यासाठीच. कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे याचा हिशेब मांडून समितीने सुमारे 3,186 कोटी रुपयांचा अनुशेष काढला. कर्नाटकात डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने 2002 मध्ये अधिक बारीक चाळण लावली. तालुका हा घटक धरून 175 पैकी 114 तालुके मागासलेले ठरविले. दोन्ही कामे मोलाची. परंतु दोघांचीही मोजपट्टी आपापल्या राज्याच्या हद्दीशी येऊन थांबते, आणि आमचा बाजार तेथे थांबत नाही.

निपाणीचा बिडीचा तंबाखूच घ्या. तो सीमेच्या अलीकडेही पिकतो आणि पलीकडे कागलच्या बाजूसही. बिडीला लागणारे पान विदर्भ-मध्य प्रदेशाच्या जंगलातून येते. वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत आमच्या आयाबहिणी राबतात. 1943 मध्ये सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला आणि 1979 मध्ये तो कच्च्या मालावरून उठविला. कर गेला, पण भाव ठरविणारे हात पूर्वीचेच राहिले. म्हणून तर 1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला त्यांच्यावर गोळीबार झाला आणि भाव मागावयास आलेल्यांची प्रेते घरी गेली.

पुढे काय झाले? 1976 मध्ये गुंटूर येथे तंबाखू मंडळ स्थापन झालेलेच होते. त्या मंडळाने 1984 मध्ये कर्नाटकात व्हर्जिनिया तंबाखूचे लिलाव सुरू केले. म्हैसूरकडच्या शेतकऱ्याच्या मालाची बोली उघड्या चौथऱ्यावर होऊ लागली. बिडीचा तंबाखू पिकविणारा निपाणीचा शेतकरी त्या व्यवस्थेच्या बाहेरच राहिला. व्हर्जिनियाने परकीय चलन मिळते, हे कारण आम्ही नाकारीत नाही. तथापि, ज्या मुलखाची गणना एका राज्याच्या शेपटाकडे आणि दुसऱ्याच्या केवळ मागणीपत्रात होते, त्याच्या पिकासाठी विधिमंडळात रात्र जागविणारा कोण?

1967 च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला देऊ केली होती. बेळगावसाठी महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, ते योग्यच झाले. 2004 मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. या दशकांचा आर्थिक हिशेब मात्र वादीनेही ठेवला नाही, प्रतिवादीनेही नाही.

रेषेची किंमत असते, हे जगाने मोजलेले आहे. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅक्कॅलम यांनी 1995 मध्ये दाखविले की, त्या देशाचे प्रांत आपसांत जेवढा व्यापार करीत तो तितक्याच अंतरावरच्या, तितक्याच मोठ्या अमेरिकी राज्याशी होणाऱ्या व्यापाराच्या वीसपटीहून अधिक होता. पुढच्या संशोधकांनी तो आकडा पुष्कळ खाली आणला, पण रेष आडवी येते हे खोडून काढता आले नाही. आमची रेष तर एकाच देशातली. 2017 च्या वस्तू-सेवा कराने तिच्यावरचे विक्रीकराचे नाके उठविले. कागदाचे नाके उठले नाहीत. जमिनीचा उतारा, कर्जाचा अर्ज, बाजार समितीची नोटीस ज्याला वाचता येत नाही, त्याला प्रत्येक वेळी कोणाचे तरी पाय धरावे लागतात, नाहीतर पैसे मोजावे लागतात. अर्थशास्त्रात याला व्यवहाराचा खर्च म्हणतात. आम्ही भाषेचा प्रश्न म्हणतो तो हाच.

पुण्याच्या गोखले संस्थेसाठी ना. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. तिचे खंड 1948 पासून प्रसिद्ध झाले. तशी पाहणी निपाणी, खानापूर, बेळगावची व्हावी, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंच्या गावांची एकत्र व्हावी. न्यायालयात आमचा कैवार घेणाऱ्या महाराष्ट्र शासनाने तिचा खर्च या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरावा. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला रोज किती भाजी आणि दूध उतरते, उद्यमबागच्या ओतकामाचा किती माल कोल्हापूरच्या यंत्रशाळांत जातो आणि तेथून किती काम इकडे येते, वखारीतल्या बाईच्या हाती आठवड्याला काय पडते, आणि चिकोडी तालुक्यातला शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी वर्षाला किती रुपये देतो, हे त्या पाहणीत नोंदले जावे.