पहिला प्लॉट : आधी हक्क पाहा, मग भाव



हाती चार पैसे जमले की आपल्या घरांत दोनच गोष्टी सुचतात, सोने किंवा जागा. ठेवीवरचे व्याज नको असते, शेअर बाजार कळत नाही. मग ‘जमीन कुठे पळून जाते?’ असे म्हणत एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट शोधायला सुरुवात होते. आमचे मलकापूर कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गावर. इथे कृष्णा हॉस्पिटल आहे, नगरपरिषदेची चोवीस तास पाण्याची योजना आहे. त्यामुळे आसपासच्या गावांतल्या शेतांतही चुन्याच्या रेषा आखून प्लॉट विकले जातात. पालक शाळेत कागद घेऊन येतात, “मॅडम, जरा वाचून सांगा.” बहुतेकदा तोवर भाव ठरलेला असतो आणि विसारही दिलेला असतो. हा क्रम उलटा आहे. आधी कागद वाचावा, मग भाव बोलावा.

जमीन घेतो म्हणजे आपण तिच्यावरचा हक्क विकत घेतो. ज्याचा हक्कच नाही, तो आपल्याला काय विकणार? म्हणून पहिला प्रश्न असा की सातबाऱ्यावर नाव कुणाचे आहे? डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावरचे ‘इतर हक्क’ हे सदर नीट वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम तिथेच दिसतो. भोगवटादार वर्ग २ असेल, तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. नोंद देवस्थान इनामाची किंवा मशीद-दर्ग्याच्या वक्फची असेल, तर तिथूनच परत फिरा. वक्फची जमीन कुणी मुतवल्ली किंवा मुजावर विकू शकत नाही. कायद्याने ती विक्री मुळातच रद्द ठरते. अल्लाहच्या नावाने दिलेली जमीन स्वस्तात मिळते म्हणून घेण्यात बरकत कसली?

दुसरा प्रश्न वारसांचा. आपल्या समाजात सर्वांत जास्त गफलत इथे होते. समजा, एक जण १ एकर, म्हणजे ४० गुंठे मागे ठेवून वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आई-वडील आधीच गेलेले आहेत. शरीयतच्या वाटणीने पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ पैकी प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. आता दोघे भाऊ सगळे ४० गुंठे विकायला काढतात. बहीण लग्न होऊन सांगलीला गेली आहे, “तिचे काय, ती काही मागत नाही.” पण तिने मागितले नाही म्हणून तिचे ७ गुंठे भावांचे होत नाहीत. तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर उद्या तिची मुले कोर्टात जाऊ शकतात. कोर्टात गेली नाहीत, तरी बंद्याचा हक्क बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून जुने फेरफार काढा, वारस नोंद पाहा आणि प्रत्येक वारसाची सही मागा. ‘अब्बांनी तोंडी हिबा केला होता’ असे कुणी सांगितले, तर ताबा कधी दिला आणि नोंद कुठे आहे, हे वकिलाला विचारू द्या.

तिसरा प्रश्न जमिनीच्या प्रकाराचा. शेतजमीन असेल आणि आपण शेतकरी नसू, तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय ती घेता येत नाही. शिक्षक, रिक्षावाला, आखातात राबणारा तरुण, सगळ्यांना हा नियम लागू आहे. शिवाय तुकडेबंदीचा कायदा आहे. पालिका हद्दीबाहेरच्या शेतजमिनीसाठी २०२३ मध्ये किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरले. मग १ गुंठा कसा विकतात? कधी पाच-दहा अनोळखी लोकांची नावे एकाच उताऱ्यावर सामाईक चढवून, कधी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून. सामाईक उताऱ्यात आपला गुंठा नेमका कोणता, हे कुणी सांगू शकत नाही. नोटरीने तर मालकीच येत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच हस्तांतरित होते. जुने तुकडे नियमित करण्यासाठी शासनाने अलीकडे सवलती दिल्या आहेत. त्या आपल्या गटाला लागू आहेत का, हे एजंटला नव्हे, तहसील कार्यालयात विचारा.

पहिल्यांदाच गुंतवणूक करणाऱ्याने मंजूर रेखांकनातला बिगरशेती प्लॉटच घ्यावा, मग तो लहान असो की थोडा लांब. रेखांकनाच्या नकाशावर आपला प्लॉट नंबर आणि तिथवर जाणारा रस्ता दाखवून घ्या. विकल्या जाणाऱ्या जागेचे एकूण क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. विकास आराखड्यात त्या गटावर रस्त्याचे किंवा शाळेचे आरक्षण नाही ना, हे नगरपरिषदेत पाहा.

मग वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. विसाराची पावती घ्या, रक्कम चेकने द्या. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. नात्यातला व्यवहार असला, तरी लिहायला लाजू नका. खरेदीखत झाले की काम संपले असेही नाही. फेरफार मंजूर होऊन उताऱ्यावर आपले नाव येईपर्यंत तलाठी कार्यालयात पाठपुरावा करा.

आणखी दोन गोष्टी. जमीन गरजेच्या दिवशी लगेच विकली जात नाही. म्हणून दवाखान्याचे, मुलांच्या शिक्षणाचे पैसे त्यात अडकवू नका. आणि नियत सुरुवातीलाच ठरवा. राहायचे घर बांधायला घेतलेल्या प्लॉटवर जकात नाही. पण नफ्याने विकायच्या इराद्याने घेतला असेल, तर तो व्यापारी माल समजला जातो आणि दरवर्षी त्या वेळच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात निघते. आपली स्थिती आलिमांना सांगून हिशेब करून घ्या. या दोन बाबी जमत असतील, तरच भाव विचारायला जा.