आधी विचारा, बर्फ येतो कुठून?

मंडळी, भाऊबीजेला माहेरी सगळे जमलो की पुढच्या सहलीचा विषय निघतोच. यंदा मुलांनी स्कीइंगचा हट्ट धरला आणि घरात तीन पक्ष पडले. भाच्याला गुलमर्ग, भाचेसुनेला स्वित्झर्लंडचं झरमॅट आणि थोरल्या नातवाला जपानचं निसेको! ज्याच्या त्याच्या मोबाईलवर पांढरेशुभ्र फोटो. शेवटी न्यायनिवाडा माझ्याकडे आला. मी पडले भूगोलाची शिक्षिका. विचारलं, "या तिन्ही ठिकाणी बर्फ येतो कुठून?" सगळे गप्प.

माझ्या मते तुलना इथूनच सुरू करावी. हॉटेल आणि जेवणखाण नंतर.

जितकं उंच तितका बर्फ जास्त, असा आपला समज असतो. पण निसेकोचा डोंगर १,३०८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा! तरी तिथे हिवाळाभर हिमवृष्टी होते. सैबेरियाचे थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि होक्काइडो बेटावर भुसभुशीत बर्फ ओततात.

झरमॅटची भिस्त उंचीवर आणि हिमनदीवर. केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत नेते, वर उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं. मात्र २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ वितळून गेला. म्हणजे व्याज सोडा, मुद्दलच खर्च होतंय.

आणि गुलमर्ग? तिथला गंडोला अफरवत डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर जातो. उंचीत झरमॅटला मागे टाकतो! पण तिथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या भरवशावर. ते रुसले की सगळं कोरडं. जानेवारी २०२४ मध्ये बरेच दिवस तिथले उतार उघडे पडले होते. २०२५ मध्ये तर बर्फाअभावी खेलो इंडियाच्या फेब्रुवारीतल्या हिवाळी स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

एवढं सांगूनही माझं मत गुलमर्गलाच पडलं, तेव्हा सगळे चकित झाले. कारण साधं आहे. आमच्या मुलांनी अजून पायात स्की घातलेली नाही. नवशिक्याला हिमनदी नको, सौम्य उतार आणि समजेल अशा भाषेत ओरडणारा गुरुजी हवा. तिथे केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्था आहे. वरच्या टप्प्यावरचे उतार मात्र हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचे, तिथे नवशिक्यांनी जाऊच नये. आधी तोल सांभाळायला शिका, मग खुशाल आल्प्स किंवा जपान गाठा.

"आत्याआजी, पण बर्फच नाही पडला तर?" धाकट्याने विचारलं. म्हटलं, बाळा, आपली फार तर सुट्टी वाया जाईल. स्लेज ओढणाऱ्याचा, घोडेवाल्याचा, स्की भाड्याने देणाऱ्याचा वर्षाचा हंगाम जातो. तेव्हा बर्फ नसला तरी त्यांच्याकडे चहा पिऊन या, घोड्यावर एक फेरी मारा. भूगोलाचा तोही धडाच आहे.

असो. फेब्रुवारीचं ठरतंय, पण तारखा बदलता येतील अशीच तिकिटं काढायला सांगितली आहेत. भाचेसून अजून थोडी घुश्शात आहे. आपल्यापैकी कुणी अलीकडे गुलमर्गला जाऊन आलं असेल, तर अनुभव जरूर कळवा.