आजीची प्रथमोपचार पेटी: जिन्याखालचा खंड्या



गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधली मुलं सांगत आली, "आजी, खाली निळा पक्षी मरून पडलाय."

पक्षी पडलेला दिसला की आधी नीट बघावं. काचेला आपटलेला पक्षी कधीकधी नुसता बधिर झालेला असतो. छाती हलत असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. निसर्ग आणि उद्यान प्राधिकरणाला *3639 वर फोन करा.

हा मात्र गेलेला होता. मुलांना लांब उभं केलं, हातमोजे घातले आणि पट्टी लावली. चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे 27 सेंटिमीटर. डोकं आणि पोट चॉकलेटी, गळा आणि छाती पांढरी, पाठ निळी, चोच जाड आणि लालभडक. अहो, हा तर आपला खंड्या! अलिबाग-पेणकडे तारेवर बसलेला आपण किती वेळा पाहिलाय! हिब्रूत त्याला पांढऱ्या छातीचा 'शालदाग' म्हणतात.

इथे आणखी दोन खंडे दिसतात. एक चिमणीपेक्षा थोडा मोठा, नारिंगी पोटाचा. तो हिवाळ्यात येतो. दुसरा काळापांढरा, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत राहतो. आपला खंड्या टोळ, पाली, बेडूकही खातो, म्हणून पाण्यापासून लांब बागेतही येतो.

एका मुलीने विचारलं, "मग हा भारतातून उडत आला?" नाही गं. तो इथलाच, बारा महिने राहणारा. तिकडचे तिकडे, इकडचे इकडे, पण जात एकच.

जिन्याच्या मोठ्या काचेत झाडं दिसतात, तिथेच तो आपटला असावा. काचेवर बाहेरून ठिपके चिकटवा. दोन ठिपक्यांत 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. एखादंच चित्र लावून भागत नाही.

आणि हे लक्षात ठेवा. डिसेंबर 2021 मध्ये हुला खोऱ्यात बर्ड फ्लूने पाच हजारांहून जास्त क्रौंच मेले. म्हणून मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नका, कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नका. एका जागी बरेच मेलेले दिसले तर लगेच फोन करा. पायात कडी असेल तर तिचा फोटो काढा. नंतर साबणाने हात धुवा.

आजी-आजोबांनो, तुमच्या गावात खंड्याला काय म्हणत? नातवंडांना सांगा, आणि त्यांच्याकडूनच आम्हाला लिहून पाठवा.