नाण्यांचा हव्यास

म्हैसूरच्या शाळांत मुलांकडून स्वतःविषयी चार ओळी लिहून घेतात, तेव्हा त्यात ‘हव्यासगळु’ असा एक रकाना असतो. मुलं तिथे लिहितात: वाचन, चित्रकला, क्रिकेट, नाण्य संग्रह. मराठी वाचक हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा दचकतो. आठ वर्षांच्या पोराला वाचनाचा हव्यास? कन्नडमध्ये हव्यास म्हणजे छंद. ‘हव्यासी रंगभूमी’ म्हणजे आपली हौशी रंगभूमी; पैसे न घेता, कधी पदरचे घालून नाटक करणाऱ्यांची. मराठीत मात्र हव्यास म्हणजे न सुटणारा लोभ. सत्तेचा हव्यास असतो, जमिनीचा असतो. गेली वीस वर्षं या दोन भाषांमध्ये ये-जा करणं हाच माझा धंदा आहे. आमच्या धंद्यात अशा जोड्यांना फसवे मित्र म्हणतात, आणि नवशिक्या अनुवादकाला त्यांच्यापासून जपून राहायला सांगतात.

नाण्यांच्या बाबतीत मात्र हा फसवा मित्र आता खरा ठरू लागला आहे. कन्नडमधला हव्यास आपल्या डोळ्यांदेखत मराठीतला हव्यास होतो आहे आणि मला त्याचा राग आहे.

मी आधुनिक नाणी जमवते. आधुनिक म्हणजे टिपूचे पैसे किंवा वोडेयरांचे कंठीरायी हण नव्हेत. बसच्या कंडक्टरनं परत दिलेली, देवराज मार्केटात फुलवालीनं मोगऱ्याबरोबर हातावर ठेवलेली, प्रजासत्ताकाची चिल्लर. कोणालाही हे सांगितलं की दुसऱ्याच वाक्यात प्रश्न येतो, ‘याचे किती येतील?’ पूर्वी हा प्रश्न मोठी माणसं विचारत. आता मुलं विचारतात, आणि उत्तरही त्यांनीच आधी ऐकलेलं असतं. वैष्णोदेवीचं नाणं असेल तर दहा लाख.

हे वैष्णोदेवीचं प्रकरण समजून घ्यायला हवं. श्री माता वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती चलनात आली, लोकांच्या खिशात फिरली. आजही नाणी विकणाऱ्याच्या थाळीत ती सहज सापडतात. पण मोबाइलवरच्या चित्रफिती आणि जाहिराती सांगतात की हे नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती. पुढची पायरी ठरलेली आहे. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता, ‘खरेदीदार’ लगेच भेटतो, रक्कम मंजूर होते, आणि मग नोंदणीचं शुल्क, मग कमिशन, मग कर. सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र. रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही, आम्ही कोणाकडून शुल्क वा कमिशन मागत नाही. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी तीन हप्ते भरले. चौथा मागितल्यावर त्यांना शंका आली. पैसे गेले ते गेलेच. त्यांच्या घरी जर्दाळूच्या डब्यात चाळीस वर्षांची चिल्लर होती, ती त्यांनी त्यानंतर देवळाच्या हुंडीत ओतली. डबा धुऊन त्यात आता लवंगा ठेवतात. मला पैशांपेक्षा त्या डब्याचं वाईट वाटतं.

‘ही तर फसवणूक, तिचा आणि गुंतवणुकीचा काय संबंध?’ असं प्रतिष्ठित व्यापारी म्हणतील. प्रदर्शनात टेबल लावणारे, पावती देणारे, सभ्य लोक. त्यांच्यातल्या अनेकांकडून मी शिकले आहे. तरी संबंध आहे. भामट्याचं सगळं भांडवल एकाच समजुतीवर उभं असतं. नाण्याकडे पाहायचं ते विकण्यासाठीच, ही ती समजूत. ती भामट्यानं तयार केलेली नाही. ‘जमवा, दहा वर्षांनी दुप्पट’ हे वाक्य त्यानं प्रतिष्ठितांकडूनच उचललं आहे. त्यानं फक्त दहा वर्षांचे दहा दिवस केले.

अमेरिकेत १९८० च्या दशकात नाणी प्लास्टिकच्या बंद डबीत ठेवून त्यांना १ ते ७० असे गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. ती पद्धत आपल्याकडेही आली आहे. डबीतलं नाणं बोटांना लागत नाही, कड चाचपता येत नाही, वाजवून पाहता येत नाही. मराठीत माणसाची पारख सांगताना आपण नाण्याकडे जातो. अमक्याचं नाणं खणखणीत आहे, तमक्याचं खोटं आहे, फलाणा नट म्हणजे चलनी नाणं. यातला प्रत्येक वाक्प्रचार नाण्याच्या आवाजावर किंवा फिरण्यावर बेतलेला आहे. लिलावातल्या बोलीवरून आलेला एकही मला आठवत नाही. डबीत नाण्याच्या या दोन्ही गोष्टी बंद होतात.

सरकारही या खेळात उतरलं आहे, आणि इथे माझी तक्रार जास्त कडू आहे. १९६४ साली नेहरूंच्या स्मरणार्थ प्रजासत्ताकाचं पहिलं स्मारक नाणं निघालं, ते एक रुपयाचं आणि पन्नास पैशांचं होतं. लोकांनी त्यानं भाजी घेतली. १९९९ मध्ये ज्ञानेश्वर एक रुपयावर आले, शिवाजी महाराज दोन रुपयांवर. २००७ मध्ये टिळक पाच रुपयांवर. त्या काळातला एक रुपयाचा ज्ञानेश्वर माझ्याकडे आहे. त्याचा चेहरा झिजलाय. कोणाकोणाच्या कनवटीला आणि गल्ल्यात राहून तो माझ्यापर्यंत आला हे मला कधीच कळणार नाही, आणि त्या न कळण्यासाठीच तो मला हवा आहे. आता टांकसाळ काय करते? बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीसाठी एक हजाराचं नाणं. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला २८ मे २०२३ रोजी पंचाहत्तर रुपयांचं नाणं, अर्धी चांदी, मखमली डबी. दर्शनी किमतीच्या कित्येक पट दरानं ते विकलं जातं. पंचाहत्तर रुपयांच्या नाण्यानं कोणी काय विकत घ्यायचं? एका दिवसासाठीही जे चलनात येणार नाही, त्यावर रुपयाचं चिन्ह कशाला? ते पदक म्हणून विका, माझी हरकत नाही. लोकांच्या हातातून न गेलेल्या वस्तूला नाणं म्हणण्याला आहे.

माझा आनंद नेमका कशात आहे तेही सांगते, नाहीतर हे सगळं रुसलेल्या म्हातारीचं बोलणं वाटेल. (मी अजून पन्नाशीही गाठलेली नाही.)

नाण्यावर सालाच्या खाली पाहा. छोटा चौकट आकार असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. एवढं चार ओळींचं व्याकरण आलं की खिशातली चिल्लर वाचता येऊ लागते. म्हैसुरात येणारी नाणी बहुतेक कुठली, मुंबईची चौकट इथे किती दिसते, नोएडाचा ठिपका किती वाट चालून आला, हे आठवडाभर पाहिलं तरी गंमत वाटते. मग अडचणीची रूपं येतात, अनियमित क्रियापदांसारखी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस चिल्लरीची टंचाई होती, तेव्हा सरकारनं परदेशी टांकसाळींतून नाणी पाडून घेतली. प्रिटोरिया, मेक्सिको, मॉस्को, कोरियातलं दैगू, स्लोवाकियातलं क्रेम्निका. हजारो मैलांवर पाडलेला आपला रुपया इथे मसाला डोशाच्या बिलात परत मिळतो आणि त्याला एक रुपयाच लागतो.

२००७ ची हस्तमुद्रांची मालिका घ्या. पन्नास पैशांवर मिटलेली मूठ, रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. लोकांनी त्याची टर उडवली. मला ती प्रजासत्ताकाची सर्वांत सुंदर नाणी वाटतात, कारण ती नृत्यातून आली आहेत आणि त्यातल्या रुपया-दोन रुपयांचं मूल्य वाचता न येणाऱ्यालाही बोटांवरून कळतं. भारताच्या नाण्यावर सहसा हिंदी आणि इंग्रजी याखेरीज भाषा नसते. नोटेवर पंधरा भाषांची पट्टी असते, तिथे कन्नडचं ‘नूरु’ आणि मराठीचं ‘शंभर’ एकाच रांगेत उभे असतात. नोटा आमच्या गावात छापल्या जातात, नोटांचा कागदही इथे बनतो. नाणी मात्र बाहेरून येतात, आणि कन्नड न बोलता येतात. हातमुद्रेच्या रुपयावर निदान अंगठ्याची भाषा होती.

या सगळ्याला मी आजवर नाण्यांच्या दर्शनी किमतीपलीकडे फारसं काही दिलेलं नाही. म्हणून ‘नुसता आनंद हे भरल्या पोटाचं चोचलं आहे, गरिबाला किंमत पाहावीच लागते’ हा आक्षेप मला उलटा वाटतो. चिल्लर वाचणं हा ज्याच्या खिशात चिल्लर आहे त्या कोणाचाही छंद आहे. गुंतवणुकीच्या मार्गाला मात्र आधी पैसे लागतात, आणि त्यात हरणारे बहुतेक आमच्या शिक्षकांसारखे असतात.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. किंमत आहे म्हणून नाणी वाचतात, नाहीतर ती भट्टीत जातील. पाच रुपयांचं जुनं तांबं-निकेलचं नाणं नऊ ग्रॅमचं होतं. त्यातला धातू पाचापेक्षा महाग झाला तेव्हा ती वितळवण्यासाठी पळवली जात असल्याच्या बातम्या येत. नाणं वितळवणं २०११ च्या नाणे अधिनियमानं गुन्हा आहे, तरी. पण यातून काय सिद्ध होतं? नाण्याला भट्टीत नेणारीही किंमतच होती. मराठीत सुट्ट्या पैशांना आपण ‘मोड’ म्हणतो आणि भंगाराला ‘मोडीत’ काढतो, आणि बाजाराला या दोहोंमध्ये फरक करण्याचं कारण नाही. दुर्मीळ वस्तूला किंमत येणार, विक्रेत्यानं नफा घ्यावा, त्याशिवाय सूची निघणार नाहीत आणि खोटी नाणी ओळखणारे डोळे तयार होणार नाहीत, हे मला मान्य आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा किंमतच सांगू लागते की काय पाहायचं. ब्रिटनमध्ये २००९ साली क्यू गार्डन्सचं पन्नास पेन्सचं नाणं निघालं, फक्त २ लाख १० हजार. ते दुर्मीळ आहे असं कळल्यावर लोक पाकिटं उपसू लागले. पण शोध त्या एकाचाच. बाकीची नाणी चाळून बाजूला. वाचनाचं असंच होतं हे साहित्यिक वाचकांना वेगळं सांगायला नको; पुरस्काराची यादी जाहीर झाली की त्या वर्षीची उरलेली पुस्तकं कोणी उघडत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, भीती आहे. देवराज मार्केटातल्या फुलवालीच्या टोपलीशेजारी आता पैसे आल्याची घोषणा करणारा छोटा डबा असतो. पन्नास पैसे कायद्यानं आजही चालतात, पण ते देऊ गेलात तर लोक तुमच्याकडे दयेनं पाहतात. मधल्या काळात दहाचं नाणं खोटं आहे अशी अफवा उठली आणि आमच्याकडचे दुकानदार ते घेईनात. किरणं दहा की पंधरा, यावर भांडणं झाली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये चौदाही प्रकार वैध असल्याचं सांगितलं, तरी संशय लवकर गेला नाही. लोकांना स्वतःचं नाणं वाचता येत असतं तर ही अफवा चार दिवसही टिकली नसती. गुंतवणूकवाल्याला नाणी चलनातून गेली तर हवंच आहे, त्याचा साठा महागेल. मला ती फिरायला हवी आहेत.

म्हणून मागण्या साध्या आहेत. टांकसाळीनं दरवर्षी कुठल्या टांकसाळीत किती नाणी पाडली याचा आकडा लोकांना सहज सापडेल असा छापावा; लाखांच्या थापा त्यानंच निम्म्या मरतील. स्मारक नाणं काढायचं तर त्याची एक आवृत्ती पाच-दहा रुपयांत चलनात सोडावी, मखमली डबी नंतर. मैसूर विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त नाणं निघालं होतं. ते या गावच्या बसमध्ये सुट्टे म्हणून मिळायला हवं होतं. आणि ज्या शाळा ‘हव्यासगळु’ रकान्यात नाण्य संग्रह लिहून घेतात, त्यांनी महिन्यातून एकदा मुलांना घरची चिल्लर आणायला सांगावं, फळ्यावर चौकट, चांदणी आणि ठिपका काढावा, कोलकात्यासाठी जागा कोरी सोडावी. तास संपल्यावर नाणी त्याच खिशात परत जावीत आणि संध्याकाळी त्यांची बिस्किटं यावीत.